मांड पक्की बसायची तर: स्वाराच्या मापाचं जीन कसं निवडावं

घोडा दुडकीला लागला की पाय आपोआप पुढे सरकतात. ट्रेनर दर फेरीला ‘पाय मागे, टाच खाली’ सांगत राहतात. स्वार मन लावून पाय मागे घेतो आणि दहा पावलांत ते पुन्हा पुढे येतात. महिनोन्महिने हे चालतं, आणि आपल्यालाच जमत नाही असं तो धरून चालतो. पुष्कळदा दोष त्याचा नसतो. रिकिबीचा (पाय टेकवायच्या कडीचा) पट्टा जिनाच्या ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात, तो स्टिरप बार त्या स्वाराच्या ठेवणीला फार पुढे पडलेला असतो. पट्टा नेहमी बारच्या सरळ खाली लोंबायला बघतो आणि पाय रिकिबीमागोमाग पुढे जातो. ट्रेनरने कितीही सांगितलं तरी गुरुत्वाकर्षण ऐकत नाही.

घोड्यावरच्या बैठकीला मराठीत मांड म्हणतात हे फार नेमकं आहे, कारण जिनाचं माप खरोखरच मांडीवरून ठरतं. कमरेच्या घेरावरून किंवा वजनावरून ते ठरवायला गेलं की चुकतं. इथे विचार केलाय तो रायडिंग क्लबांत वापरल्या जाणाऱ्या इंग्लिश पद्धतीच्या जिनाचा. जुनं गादीचं खोगीर आणि अमेरिकी वेस्टर्न जीन यांचा हिशेब वेगळा असतो. वेस्टर्न जिनाबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की तिथे माप पुढच्या खुंटाच्या बुडापासून मागच्या कडेपर्यंत घेतात आणि त्यावरचा आकडा इंग्लिश जिनापेक्षा साधारण दोन इंचांनी कमी येतो. इंग्लिश १७ इंची बसणाऱ्याला वेस्टर्न १५ इंची लागतं.

ज्या भागांशी आपला संबंध आहे ते

जिनाच्या आत लाकडाचा किंवा प्लास्टिक-फायबरचा सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. पुढचा उंचवटा म्हणजे पॉमेल, मागची उचललेली कड म्हणजे कँटल. पॉमेलच्या लगेच मागे, दोन मांड्यांच्या मधे येणारा बैठकीचा निमुळता भाग म्हणजे ट्विस्ट. बाजूला लोंबणारा चामड्याचा मोठा पडदा हा फ्लॅप आणि त्यावर गुडघ्यापुढे असलेला फुगवटा हा नी-ब्लॉक. खालच्या बाजूला घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या दोन गाद्या म्हणजे पॅनल. त्यांत लोकर भरलेली असते, काही जिनांत फोम. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरीसाठी वापरतो, पण खऱ्या खोगीराच्या बाबतीत भरतीइतकं महत्त्वाचं फार थोडं असतं. ती एका बाजूला दबली की जीन कलतं, आणि त्याबरोबर स्वारही.

आधी घोडा, मग तुम्ही

स्वाराला मापात असलेलं जीन घोड्याच्या पाठीवर नीट बसत नसेल तर ते स्वारालाही मापाचं राहत नाही. म्हणून स्वाराच्या मापाकडे वळण्याआधी पाच गोष्टी बघून घ्यायच्या, त्याही खाली कापड किंवा पॅड न घालता.

मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मधे घोड्याच्या पाठीला जो उंचवटा असतो त्याला विदर्स म्हणतात. त्याच्यावर आणि पॉमेलच्या खाली दोन ते तीन बोटं उभी राहतील एवढी जागा हवी, तीही स्वार वर बसलेला असताना. कण्यावर जीन कुठेच टेकता कामा नये. दोन पॅनलमधल्या पन्हळीत पुढून मागेपर्यंत तीन बोटं आडवी मावली पाहिजेत. ट्रीचं पुढचं टोक खांद्याच्या फऱ्याच्या मागे दोन बोटं असावं, कारण घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा फऱ्याचा वरचा भाग मागे फिरतो. आणि पॅनल शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. ही बरगडी पोटाच्या बाजूने चाचपून, तिच्या वळणाने वर कण्यापर्यंत बोट नेत शोधायची. तिच्यामागे कमरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो.

पाचवी तपासणी समतोलाची. जीन घोड्यावर ठेवून तंग (पोटाखालून जीन आवळायचा पट्टा) हलका कसा आणि बैठकीवर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा. ती घरंगळत जिथे थांबेल तो सर्वांत खोल बिंदू. तो बैठकीच्या मधोमध हवा. पेन्सिल कँटलकडे गेली तर जीन मागे कलतंय. असं होण्याचं आपल्याकडे सर्रास आढळणारं कारण म्हणजे जीन फार पुढे, जवळजवळ फऱ्यावर ठेवणं. तसं ठेवलं की पॉमेल वर उचललं जातं, स्वार मागे घसरतो, पाय पुढे जातात आणि खुर्चीत बसल्यासारखी बैठक होते. मग जीन मोठं झालंय असं वाटून लहान माप घेतलं जातं. खरं तर जीन विदर्सवर थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवायचं आणि ते आपणहून जिथे अडतं तिथे राहू द्यायचं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मांडीचं माप

एका पक्क्या, सपाट खुर्चीवर बसा. ढुंगण भिंतीला किंवा खुर्चीच्या सरळ पाठीला पूर्ण टेकलेलं, पावलं जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात. दुसऱ्या कुणाला तरी ढुंगणाच्या मागच्या टोकापासून, म्हणजे भिंतीपासून, गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापर्यंत सरळ रेषेत माप घ्यायला सांगा. टेप मांडीच्या गोलाईवरून वळवायची नाही, बाजूने ताठ धरायची. दोन्ही पाय मोजा. फरक आला तर मोठं माप धरा.

त्यावरून सुरुवातीचा अंदाज असा निघतो:

मांडी १६.५ इंचांपर्यंत: १५ इंची जीन
१६.५ ते १८.५ इंच: १६ इंची
१८.५ ते २० इंच: १६.५ इंची
२० ते २१.५ इंच: १७ इंची
२१.५ ते २३ इंच: १७.५ इंची
२३ इंचांच्या वर: १८ इंची

हा अंदाजच आहे. नितंब भरलेले असतील तर अर्धा इंच वाढवून बघा. ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठराविक, नेमक्या चाली करवून घ्यायच्या प्रकारातल्या) जिनाची बैठक खोल आणि कँटल उंच असल्यामुळे तोच आकडा आखूड वाटतो, तिथेही बऱ्याचदा अर्धा इंच जास्त लागतो. जंपिंगच्या जिनाची बैठक सपाट असते, म्हणून ती मोकळी वाटते. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठं घ्या, पण घोड्याच्या पाठीत तेवढी लांबी असेल तरच.

जिनाचं माप

पॉमेलच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळ्याचं डोकं किंवा छोटं बटण असतं. डावीकडच्या बटणापासून कँटलच्या वरच्या कडेच्या मध्यापर्यंत तिरपी, ताणलेली टेप धरा. जो आकडा येईल तो बैठकीचं माप. १७ इंच म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. पुष्कळ जिनांवर हा आकडा बटणावर किंवा फ्लॅपखाली ठोकलेला असतो. तरी स्वतः मोजावं, विशेषतः जुन्या जिनात, जिथे आतली बैठक बदललेली असू शकते.

आता बसून बघा. जीन लाकडी घोडीवर (जीन ठेवायच्या स्टँडवर) ठेवा, बैठकीच्या सर्वांत खोल भागात बसा आणि पाय सैल सोडा. ढुंगणामागे कँटलच्या कडेपर्यंत चार बोटं, म्हणजे पालथा हात मावेल एवढी जागा राहिली पाहिजे. पुढेही पोटाखाली पॉमेलपर्यंत तीन-चार बोटं. मागे दोनच बोटं मावत असतील तर जीन आखूड आहे. मागे हात ठेवून वर आणखी जागा उरत असेल तर मोठं.

आखूड जिनात स्वार कँटलवर बसतो. त्याचं सगळं वजन पॅनलच्या मागच्या टोकावर येतं आणि नेमक्या त्याच जागी घोड्याची पाठ दुखते. घोडा पाठ खाली दाबून, डोकं वर काढून चालू लागला तर हे कारण आधी तपासा. मोठ्या जिनात उलट होतं. स्वार पुढे-मागे सरकत राहतो, घोड्याच्या चालीच्या नेहमी किंचित मागे राहतो आणि सावरण्यासाठी गुडघ्यांनी आवळतो. आवळलेले गुडघे त्याला आणखी वर ढकलतात. लहान मुलांना ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठं जीन देतात, तेव्हा हेच होतं. मूल घोड्याला घाबरतंय असं वाटतं, पण त्याला बूड टेकवायला स्थिर जागाच मिळत नसते.

ट्विस्ट: ज्याबद्दल बोललं जात नाही

लांबीचं माप बरोबर येऊनही जीन छळतं, तेव्हा बहुतेक वेळा ट्विस्ट किंवा बैठकीची रुंदी चुकलेली असते. आकड्यांत ती कुठे लिहिलेली नसते, त्यामुळे बसूनच कळते.

बसताना आपलं वजन दोन हाडांवर येतं, ढुंगणाखाली चाचपली की हाताला लागतात ती. त्यांच्यातलं अंतर घरी मोजता येतं. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, त्यावर किंचित पुढे झुकून मिनिटभर बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. हे अंतर जिनाच्या बैठकीच्या मऊ, सपाट भागात दोन्हीकडे मावलं पाहिजे. हाडं शिवणीवर किंवा उतारावर आली तर अर्ध्या तासात ठणका लागतो आणि स्वार नकळत एका अंगावर झुकतो.

बायकांच्या कटीची रचना पुरुषांपेक्षा वेगळी असते. दोन बैठकीच्या हाडांतलं अंतर सहसा जास्त असतं आणि पुढच्या हाडाची कमान जास्त रुंद व सखल असते. त्यामुळे ज्या जिनाची बैठक पुढे पॉमेलकडे चढत जाते, त्यात कटी जरा पुढे झुकली तरी नाजूक भागावर थेट दाब येतो. तो टाळायला स्वार कटी मागे वळवून पोक काढून बसते आणि ट्रेनर ‘पाठ सरळ’ सांगत राहतात. अशा वेळी मागे रुंद आणि पुढे कमी चढाची, मऊ बैठक लागते. वेदना किंवा बधिरपणा हा ‘सवयीने जाणारा’ त्रास नव्हे. मुली हे सांगायला संकोचतात, म्हणून शिकवणाऱ्याने आपणहून विचारायला हवं.

मात्र बैठकीची रुंदी आणि ट्विस्टची रुंदी यांत गल्लत करू नका. बायकांना नेहमी रुंद ट्विस्टच लागतो, हा गैरसमज आहे. मांडीचा आतला भाग गोल, भरलेला असेल तर अरुंद ट्विस्ट सोयीचा, कारण रुंद ट्विस्ट मांडी बाहेर ढकलतो, गुडघे सुटतात आणि पायाचे चवडे बाहेर वळतात. पिंपावर बसल्यासारखं वाटणं आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं ही रुंद ट्विस्टची खूण. पुढे मधोमध टोचणं ही बऱ्याचदा फार अरुंद किंवा चढत्या ट्विस्टची. पाच मिनिटं रिकिबीशिवाय बसा. हाताने मांडी मागे ओढून न लावता गुडघा आपणहून फ्लॅपला लागत असेल तर ट्विस्ट जमला. घोड्यावर हे पुन्हा तपासायचं, कारण रुंद बरगड्यांचा घोडा पाय आणखी फाकवतो.

फ्लॅप आणि गुडघा

रिकीब नेहमीच्या लांबीवर ठेवून बसा. गुडघ्याचं टोक फ्लॅपच्या पुढच्या कडेच्या आत, नी-ब्लॉकच्या मागे राहावं आणि मधे दोन-तीन बोटं मोकळी असावीत. गुडघा ब्लॉकवर चढत असेल किंवा फ्लॅपच्या बाहेर जात असेल, तर लगेच बैठकीचा आकडा वाढवू नका. मागे चार बोटं जागा असेल तर बैठक बरोबर आहे, तुम्हाला पुढे झुकलेला फ्लॅप हवा. लांब मांडीच्या, पण बारीक अंगाच्या स्वारांची हीच अडचण असते. ती मोठ्या बैठकीने सोडवायला गेलं की एक दोष जाऊन दुसरा येतो.

जंपिंगला रिकिबी आखूड, त्यामुळे गुडघा पुढे आणि फ्लॅपही पुढे. ड्रेसाजला रिकिबी लांब आणि फ्लॅप जवळजवळ उभा. ऑल-पर्पज जीन दोन्हींच्या मधलं. शिकणाऱ्याने तेच घ्यावं.

फ्लॅपची खालची कड पोटरीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत यावी. ती उंच बुटाच्या वरच्या काठाशी येत असेल तर प्रत्येक पावलाला बूट तिच्यात अडकेल. फ्लॅप फार लांब असेल तर आखूड पायांच्या स्वाराची पोटरी घोड्याला लागतच नाही आणि तो टाचेने इशारे देऊ लागतो. मोठे नी-ब्लॉक मांडी जागेवर धरतात असं वाटतं, पण ते तुमच्या मांडीच्या कोनाशी जुळत नसतील तर मांडीला मागे रेटतात, कंबर पोकळ होते आणि पाठ धरते.

रिकीब

बुटाचा सर्वांत रुंद भाग मोजा आणि त्यात एक इंच मिळवा. तेवढी रिकीब आतून रुंद हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा राहतो. इथे तडजोड नको. अरुंद रिकिबीत पडताना पाऊल अडकतं, फार रुंद रिकिबीतून आख्खं पाऊल आरपार जातं, आणि दोन्ही प्रकारांत स्वार फरफटला जातो. टाच असलेला बूट याचसाठी घालतात. स्टिरप बारच्या टोकाला खटका असेल तर स्वारी करताना तो उघडा, आडवा ठेवा, म्हणजे पडल्यास पट्टा निसटून येतो.

पट्ट्याची सुरुवातीची लांबी अशी ठरवा: बोटांची टोकं बारला लावा आणि रिकीब हाताला समांतर ताणून धरा. रिकिबीचा तळ काखेत आला पाहिजे. मग घोड्यावर बसून एखाद्-दुसऱ्या भोकाने कमी-जास्त करा. चढताना सगळा भार डाव्या पट्ट्यावर येत असल्याने तो जास्त ताणतो, म्हणून दर महिन्याला डावा-उजवा पट्टा अदलाबदल करा. एक पाय लांब वाटत असेल तर आधी दोन्ही पट्टे शेजारी धरून मोजा, मग पॅनल बघा, खुब्याचा विचार शेवटी.

घोड्यावरची चाचणी

वीस-तीस मिनिटांपेक्षा कमी चाचणीत काही कळत नाही. चालीत, दुडकीत आणि कँटरमध्ये (दुडकीहून वेगवान चालीत) दोन्ही हातांवर, म्हणजे डाव्या आणि उजव्या फेरीत, बसून बघा. बाजूने कुणाला तरी फोटो किंवा व्हिडिओ घ्यायला सांगा. फोटोत कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत आले पाहिजेत. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा धरला तर जागेवरच दिसतं. रेषा चुकली तर आधी समतोल, मग बार, मग फ्लॅप या क्रमाने शोधा.

दुडकीत उठबस करताना उठल्यावर जागच्या जागी खाली यायला हवं. दर वेळी कँटलवर आदळत असाल किंवा उठायलाच जोर लागत असेल, तर बार आणि तुमचा समतोल जुळत नाही. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा रेवाल या त्याच्या झुलत्या चालीत चालवायचा असेल तर उठबस नसते, सतत खोल बसावं लागतं. त्यासाठी ट्विस्ट आणि बैठकीचा मऊपणा जास्त पारखून घ्या. या घोड्यांची पाठ पुष्कळदा आखूड असते. उंच माणसाला १८ इंची जीन लागतं आणि घोड्याच्या बरगड्या १७ इंचांतच संपतात असं झालं, तर सपाट बैठक आणि पुढे झुकलेला फ्लॅप हा एक उपाय. तोही पुरला नाही तर मोठा घोडा घ्यावा. स्वार, जीन आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत असावं, ही ढोबळ मर्यादाही इथेच आठवावी. ३५० किलोच्या घोड्याला ७० किलो झाले, आणि त्यांतले सहा ते नऊ किलो एकट्या जिनाचे असतात.

चाचणीनंतर जीन काढून घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर ठीक. चहूबाजूंनी ओलं आणि मधे कोरडा ठिपका राहिला, तर तिथे जास्त दाब किंवा पूल पडल्यासारखी पोकळी आहे.

जीन जमत नसेल तेव्हा पॅडवर पॅड घालण्याचा मोह होतो. अरुंद जिनाखाली जाड पॅड म्हणजे घट्ट बुटात दुसरा मोजा. बैठकीवर घालायचं मऊ कव्हरही बैठक आखूड करतं. मागून थोडं कललेलं जीन पॅडने तात्पुरतं उचलता येतं, पण खरा उपाय भरती करून घेणं हाच.

जुनं जीन घेताना

भारतात इंग्लिश जिनांचं मोठं उत्पादन कानपूरला होतं आणि तिथल्या जिनांना भौगोलिक मानांकनही आहे. तिथून मागवताना मांडीचं माप, बुटाची रुंदी, उंची आणि घोड्याच्या विदर्सचा तारेने काढलेला आकार, चारही पाठवा. वाकवता येणारी जाड तार फऱ्याच्या मागे विदर्सवर दाबून बसवायची आणि कागदावर ठेवून रेघ ओढायची.

तापीकाठच्या सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत, घोड्यांबरोबर साजाचीही खरेदी होते. तिथे घाईत सौदा होतो, म्हणून टेप, पेन्सिल आणि मापांची चिठ्ठी खिशात ठेवूनच जा. जीन उचलून कँटल पोटाला लावा आणि पॉमेल दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. बैठकीच्या मधे चामड्याला आडवी सुरकुती पडली किंवा करकर आवाज आला तर ट्री मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. ते जीन कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या. उलटं करून दोन्ही पॅनलवर तळवा फिरवा, गाठी आणि खळगे कळतात. तंगाच्या पट्ट्यांची भोकं लांबट झाली असतील तर पट्टे बदलून मिळतात, ही किरकोळ गोष्ट.

नव्या जिनातली लोकर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दबते आणि समतोल बदलतो. तेव्हा पेन्सिलची तपासणी पुन्हा करा. पावसाळ्यात जीन बंद पेटीत किंवा प्लास्टिकमध्ये ठेवू नका, बुरशी चामड्याइतकीच शिवणीलाही खाते. सुती कापडाखाली, वारा लागेल अशा जागी, लाकडी घोडीवर ठेवा. भिंतीला टेकवून उभं ठेवलेल्या जिनाचं कँटल घासतं. मुलांच्या मांडीचं माप दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यायचं, कारण वाढत्या वयात एका वर्षात एक माप सहज पुढे जातं.